ग्रीक स्थलांतरितांचे जुने फोटो: वाचायचे कसे, जपायचे कसे

ग्रीसमधून बाहेर पडलेल्या माणसांचे जुने फोटो बहुतेक करून पाठवण्यासाठी काढलेले असत. शिकागोत बूटपॉलिश करणाऱ्या पोराचा फोटो दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीसमधल्या आईसाठी, किथिरा बेटावरच्या आईवडलांचा फोटो क्वीन्सलँडमध्ये कॅफे चालवणाऱ्या मुलासाठी, मेलबर्नमधल्या लग्नाचा फोटो लग्नाला येऊ न शकलेल्या अख्ख्या गावासाठी. हे फोटो पत्रासोबत पाकिटातून गेले आणि ते पत्रासारखेच वाचावे लागतात. म्हणून असा फोटो हातात आला की मी आधी विचारते: हा कुणी कुणाला पाठवला, आणि बघणाऱ्याला काय वाटावं अशी पाठवणाऱ्याची इच्छा होती? त्यात कोण कोण उभं आहे, हे त्यानंतर.

मी मेलबर्नमध्ये राहते. इथल्या ग्रीक घरांमध्ये आजी गेल्यावर किंवा घर विकायला निघाल्यावर कपाटाच्या माथ्यावरचा बिस्किटांचा डबा खाली उतरतो आणि मुलानातवंडांना काही उमगत नाही. अशा वेळी मी मदतीला जाते. मेलबर्न, सिडनी, शिकागो, न्यूयॉर्क इथल्या कितीतरी मराठी घरांचे शेजारी, सहकारी, आता सोयरेही ग्रीक आहेत. त्यांच्यापैकी कुणी असा डबा तुमच्यासमोर ठेवला, किंवा तुम्ही स्थलांतराच्या इतिहासाचा अभ्यास करत असाल, तर हे टिपण हाताशी असू द्या.

डबा उघडताना

पहिल्या दिवशी काहीही वेगळं करू नका. डबा जसा आहे तसा मोबाइलवर टिपा, मग झाकण काढून वरचा थर टिपा, मग एकेक पाकीट. कोणता फोटो कुणाशेजारी होता, कोणत्या पाकिटात होता, कोणत्या दोऱ्यानं बांधला होता, ही माहिती एकदा विस्कटली की पुन्हा मिळत नाही. नाव नसलेल्या माणसाची ओळख अनेकदा केवळ त्याच्या पाकिटावरच्या टपालशिक्क्यानं पटते. तेव्हा रिकामी पाकिटं, फाटकी सुद्धा, टाकू नका.

हात स्वच्छ धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे घालून पातळ फोटो धरता येत नाही, कोपरे दुमडतात. काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हना मात्र नायट्राइलचे हातमोजे हवेत. चहा-कॉफी टेबलावर नको. फोटो ओल्या फडक्यानं पुसू नका. मऊ ब्रशनं वरची धूळ झटकली तरी पुरे.

अल्बम असेल तर फोटो उचकटू नका. १९७०-८० च्या दशकांत चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम घरोघरी आले आणि मोठ्या हौसेनं कैक घरांनी जुने फोटो त्यात हलवले. त्या पानांचा गोंद फोटोला सावकाश खातो. फोटो सहज निघत असेल तर बिनवासाचा दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. अडकला तर तिथंच थांबा, पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हाच नियम. काच फोडून फोटो सुटत नाही, वरचा थर काचेवर राहतो.

प्रत्येक फोटोला क्रमांक द्या: डबा, पाकीट, फोटो. ०२-०५-०११ म्हणजे दुसरा डबा, पाचवं पाकीट, अकरावा फोटो. क्रमांक मागं, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनं, फोटो टणक पृष्ठभागावर ठेवून, अजिबात न दाबता. साधारण १९७० नंतरच्या गुळगुळीत प्लॅस्टिकी पाठीवर पेन्सिल उमटत नाही. त्याला वेगळं पाकीट करून क्रमांक पाकिटावर घाला. बॉलपेन कधीच नको.

मागची बाजू आधी

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतले पुष्कळ फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेले सापडतात. स्टुडिओवाले तसेच छापून देत, कारण ते स्वस्त पडे आणि टपालात टाकता येई. या कार्डांच्या पाठीवर वर्षाचा माग असतो. अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून कार्डाची पाठ मधोमध दुभागून डाव्या बाजूला मजकूर लिहायची मुभा मिळाली. तिकिटाच्या चौकटीत 'अॅझो' हे कागदाचं नाव आणि चार त्रिकोण असतील, तर त्यांची टोकं पाहा: चारही वर असली तर कागद ढोबळमानानं १९०४ ते १९१८ मधला, दोन वर दोन खाली असली तर १९१८ ते १९३० मधला. कागद कधी बनला ते यावरून कळतं. फोटो त्यानंतर एकदोन वर्षांनीही छापलेला असू शकतो.

हस्ताक्षरात बहुधा सुरुवात 'एन्थिमिओन' अशी असते, म्हणजे आठवणीदाखल. पुढं ज्याला पाठवला त्याचं नातं आणि नाव. इथं मराठी माणसाला एक गोष्ट चटकन समजेल: ग्रीकमध्येही नावाला विभक्ती लागते. मागं 'भाऊ योर्गो यास' अशा अर्थाचं वाक्य असेल तर त्या माणसाचं नाव योर्गोस. शेवटचा 'स' गळलेला पाहून यादीत दोन वेगळी माणसं करू नका. बायकांची आडनावं षष्ठीत येतात, म्हणजे बाप पापादोपुलोस आणि मुलगी पापादोपुलू. परदेशात जन्मलेल्या मुली बापाचंच रूप जसंच्या तसं लावतात, त्यामुळं आडनावाच्या शेवटावरून लिहिणारी ग्रीसमध्ये वाढली की बाहेर, याचा अंदाज येतो.

अक्षरांवरचे स्वरचिन्हांचे प्रकारही पाहा. श्वासचिन्हं आणि तीन तऱ्हांचे आघात दिसले तर ते जुन्या पद्धतीचं लिखाण. शाळांतून आणि सरकारी कामातून ही पद्धत १९८२ साली गेली. अर्थात जुन्या लोकांनी ती नंतरही सोडली नाही.

तारखेत सगळ्यात जास्त घोळ होतो. ग्रीसमध्ये १५ फेब्रुवारी १९२३ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं. त्याच्या दुसऱ्या दिवसाला थेट १ मार्च म्हटलं गेलं. म्हणजे १९१० साली गावाहून आलेल्या फोटोवर २५ मार्च लिहिलं असेल तर अमेरिकेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो ७ एप्रिल होता. तेरा दिवसांचा फरक लग्नाच्या किंवा जहाजाच्या नोंदीशी ताडताना आडवा येतो. शिवाय ग्रीक माणूस आधी दिवस मग महिना लिहितो, अमेरिकन स्टुडिओचा शिक्का उलटा. ४/७ पाहिलं की दोन्ही शक्यता टिपून ठेवा.

स्टुडिओचा शिक्का किंवा पुठ्ठ्यावरचं छापील नाव हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. जुन्या शहर-निर्देशिकांमध्ये फोटोग्राफरचा पत्ता वर्षागणिक सापडतो, आणि दुकानं वरचेवर हलत असल्यामुळं काळ तीनचार वर्षांच्या पट्ट्यात आणता येतो. शिक्का स्मिर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) शहराचा असेल आणि घराणं ग्रीक असेल, तर फोटो जवळजवळ नक्की सप्टेंबर १९२२ च्या आधीचा. त्या महिन्यात शहराचे ग्रीक आणि आर्मेनियन भाग जळाले आणि पुढच्याच वर्षी लोसानच्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या हाती घरचे फोटो राहिले. असा एखादा डब्यात निघाला तर तो सर्वांत आधी स्कॅन करा.

फोटो कोणत्या दिशेनं गेला

परदेशातून गावाकडे गेलेले फोटो आणि गावाहून परदेशी आलेले फोटो यांची भाषा वेगळी असते. ती ओळखायला शिकलात तर निम्मं काम झालं.

१८९० ते १९२४ या काळात सुमारे चार लाख ग्रीक अमेरिकेत गेले, बहुतांश तरुण पुरुष. रेल्वेचे रूळ, खाणी, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापडगिरण्या, बूटपॉलिशची दुकानं. त्यांचे स्टुडिओतले फोटो बघा: कोट-पाटलोण, घड्याळाची साखळी, चकचकीत बूट, हातात सिगार. कोट भाड्याचा किंवा स्टुडिओचा असे. पश्चिमेकडच्या खाणपट्ट्यात दोघंतिघं मित्र बाटल्या आणि पिस्तुलं घेऊन बसलेले दिसतात. हे पाहून त्यांना श्रीमंत किंवा गुंड ठरवू नका. कर्ज काढून, बहिणीच्या हुंड्याची जबाबदारी डोक्यावर घेऊन आलेल्या पोरानं घरी कळवलंय की मी नीट आहे, माझी काळजी करू नका. खाणीतला कोळसा त्या फोटोत नाही, कारण तो आईला दाखवायचा नव्हता. अशा फोटोखाली 'यशस्वी व्यापारी' असली ओळ लिहिणं हा त्या माणसावर अन्याय आहे. तो त्या वर्षी काय काम करत होता ते शिरगणतीच्या नोंदीत शोधा आणि दोन्ही गोष्टी शेजारी लिहा.

पोशाख सैनिकी असेल तर १९१२-१३ ची बाल्कन युद्धं आठवा. हजारो ग्रीक अमेरिकेतून लढायला परत गेले, आणि जाण्याआधी किंवा तिथं पोहोचल्यावर छातीवर काडतुसांचे पट्टे आडवे बांधून फोटो काढून घेतले.

उलट दिशेनं, गावाहून आलेले फोटो मला जास्त हलवून जातात. किथिरा बेटावरून पिढ्यानपिढ्या लोक ऑस्ट्रेलियाला गेले; न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या छोट्या गावांतले कॅफे आणि मिल्कबार त्यांनी उभे केले. बेटावर मागं राहिलेल्यांचे फोटो काढणारा पानायोतिस फात्सेआस (१८८८-१९३८) हा फोटोग्राफर लिवादी गावचा. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह उरल्या आणि आज त्या बेटाचा मोठा ठेवा आहेत. कापडाचा पडदा, त्याच्यापुढं खुर्ची, खुर्चीत आजी, भोवती मुलं, सगळ्यांची नजर थेट कॅमेऱ्यात. यातल्या पुष्कळ माणसांचे जिवलग समुद्रापार होते आणि प्रिंट त्यांच्याकडे जात. आईच्या मांडीवरचं बाळ मुद्दाम पुढं धरलेलं असतं, कारण बापानं ते अजून पाहिलेलंच नसायचं.

काही कुटुंबचित्रांमध्ये एक माणूस इतरांपेक्षा किंचित मोठा किंवा लहान दिसतो, त्याच्यावरचा उजेड दुसऱ्या बाजूनं येतो, पाय जमिनीला टेकलेले वाटत नाहीत. भिंगाखाली त्याच्या खांद्याशी कापल्याची कड दिसते. तो परदेशी असलेला नवरा किंवा मुलगा. त्यानं पाठवलेला फोटो स्टुडिओवाल्यानं गावातल्या फोटोत जोडून दिलेला. ही फसवणूक समजू नका आणि 'दुरुस्त' तर मुळीच करू नका. कुटुंबानं स्वतःला पूर्ण पाहण्यासाठी पैसे मोजून करवून घेतलेली ती गोष्ट आहे. नोंदीत एवढंच लिहा की फोटो जोडलेला आहे, आणि जमलं तर मूळ दोन्ही फोटो डब्यात शोधा.

लग्नासाठी पाठवलेले फोटो वेगळ्या पाकिटात निघतात. मुलगा अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात, मुलगी गावात, मध्ये सोयरीक जुळवणारं कुणी. फोटोंची अदलाबदल व्हायची, होकार जायचा, आणि मुलगी जहाजात बसायची. १९५७ साली 'बेगोन्या' जहाजातून शेकडो ग्रीक मुली मेलबर्नला उतरल्या, त्यांतल्या कितीतरी जणी होणाऱ्या नवऱ्याचा फोटो हातात धरून. असा फोटो बारीक पाहिला तर तो हाताळून मऊ पडलेला, घडीची रेघ उमटलेला असतो. ती रेघ स्कॅनमधून संगणकावर पुसू नका. धक्क्यावर तो किती वेळा उघडून पाहिला गेला, याची तेवढीच खूण उरली आहे.

अंत्यविधीचे फोटोही येतील: चर्चच्या दारात उघडी शवपेटी, भोवती सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे बघत. नव्या पिढीला ते भीतीदायक वाटतात आणि टाकून द्यावेसे वाटतात. पण परमुलखात गेलेल्या माणसाला पाद्री मिळाला, फुलं मिळाली, खांदा द्यायला माणसं होती, हे गावातल्या आईला दुसऱ्या कोणत्याही मार्गानं पटवता येत नव्हतं. ते जपा, फक्त वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि कुणाला दाखवायचे ते कुटुंबाला ठरवू द्या.

आणि एक सावधगिरी. सरकारी किंवा बाहेरच्या माणसानं काढलेले फोटो या दोन दिशांत बसत नाहीत. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतर केंद्रात कारकून असलेल्या ऑगस्टस शर्मननं विसाव्या शतकाच्या आरंभी तिथं अडकलेल्या लोकांचे फोटो काढले, त्यांत ग्रीक सैनिक आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्रीही आहेत. फोटो सुरेख आहेत, पण त्यांत त्या माणसाची स्वतःची निवड किती हे सांगणं कठीण. प्रदेशाचे नमुने म्हणून लोकांकडे बघणारी नजर त्यांत आहे. घरच्या डब्यातला कोटवाला आणि एलिस बेटावरचा झग्यातला, दोघंही एकाच गावचे असू शकतात.

काळ ठरवायला उपयोगी खुणा

अमेरिकेनं १९२४ च्या कायद्यानं ग्रीसचा वार्षिक कोटा १०० माणसांवर आणला, १९२९ पासून तो ३०७ झाला. त्यामुळं अमेरिकेतल्या घराचे 'नुकतेच उतरलो' छापाचे फोटो त्या सालानंतर एकदम आटतात. ऑस्ट्रेलियाचं उलटं: १९४७ साली तिथं ग्रीसमध्ये जन्मलेले सुमारे १२ हजार लोक होते, १९७१ साली १ लाख ६० हजार. महायुद्ध, त्यामागोमाग १९४६ ते १९४९ चं यादवी युद्ध, उद्ध्वस्त गावं, आणि १९५२ चा दोन्ही सरकारांमधला करार, ही त्यामागची कारणं.

जहाजावरचे फोटो तर काळ ठरवायला फारच सोयीचे. ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्या करणारं खांद्रिस कंपनीचं 'पात्रिस' पहिल्यांदा डिसेंबर १९५९ मध्ये अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघालं. जीवरक्षक कड्यावर हे नाव दिसलं की त्याआधीचा विचार सोडा. प्रवासातल्या फोटोत सुएझ कालवा, पोर्ट सैदचे होडीवाले फेरीवाले किंवा एडन दिसत असेल तर तो जून १९६७ च्या आधीचा, कारण त्या महिन्यात युद्धामुळं कालवा बंद झाला आणि १९७५ पर्यंत उघडला नाही. त्या मधल्या वर्षांत जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात, म्हणून केप टाउनचा सपाट माथ्याचा डोंगर मागं दिसतो. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये ताणलेल्या कागदी फिती निघतानाच्या असतात. पिरेअसचा धक्का की पोर्ट मेलबर्नचा स्टेशन पिअर, ते मागच्या इमारतींवरून ठरवा.

जर्मनीचे फोटो वेगळे पडतात. पश्चिम जर्मनीनं ग्रीसशी कामगार भरतीचा करार ३० मार्च १९६० रोजी केला आणि १९७३ मध्ये भरती थांबवली. म्युनिकच्या मुख्य स्थानकाच्या ११ नंबरच्या फलाटावर उतरलेल्या गाड्या, कारखान्याच्या वसतिगृहातल्या लोखंडी दुमजली खाटा, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मोटारीला टेकून काढलेला फोटो. मोटारीची नंबरप्लेट भिंगाखाली वाचा, शहर कळतं. मात्र मोटार त्याचीच होती असं गृहीत धरू नका.

रंगीत प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर १९६० च्या दशकात महिना-साल छापलेलं असे. ती धुलाईची तारीख. ईस्टरला घातलेला रीळ ख्रिसमसला संपला की तारीख डिसेंबरची येते आणि फोटोत सळईवर कोकरू भाजताना दिसतं. अशा वेळी फोटोतल्या गोष्टीवर विश्वास ठेवा.

मंडळं, मेजवान्या, मिरवणुका

समाजाचे गट-फोटो वाचताना नवखा माणूस हमखास अडखळतो ती जागा म्हणजे फेझ टोपी. १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत ग्रीक पुरुषांची रांग, सगळ्यांच्या डोक्यावर गोंडेदार फेझ! हे तुर्कस्तानातलं चित्र नाही. २६ जुलै १९२२ रोजी अटलांटात स्थापन झालेल्या 'अहेपा' या ग्रीक-अमेरिकन संघटनेचे सभासद समारंभात अशी टोपी घालत. अमेरिकेच्या दक्षिणेत परक्यांविरुद्ध वातावरण तापलेलं असताना ही संघटना उभी राहिली. तिच्या फोटोत अमेरिकेचा झेंडा ठळक जागी असतो, तो त्याचमुळं. तो काळ खरोखरच वाईट होता: १९०९ मध्ये साउथ ओमाहात, १९१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्लीत, १९१८ मध्ये टोरांटोत ग्रीकांची दुकानं फोडली गेली. दुकानासमोर मालक, बायको, नोकर आणि दारावर मोठा झेंडा असा फोटो दिसला की साल पाहा आणि हे आठवा.

कॉफीघराच्या किंवा मंडळाच्या भिंतीवरची तसबीर कुणाची आहे तेही पाहा. ग्रीसचे पंतप्रधान वेनिझेलोस की राजा कॉन्स्टंटाइन? पहिल्या महायुद्धाच्या वेळी पडलेली ही फूट अमेरिकेतल्या चर्चपर्यंत पोहोचली आणि एकाच गावात दोन चर्च झाली. दोन चुलतभाऊ कधीच एका फोटोत का नाहीत, याचं उत्तर कधी कधी त्या तसबिरीत सापडतं.

झालरीचा पांढरा फुस्तानेला (पुरुषांचा पारंपरिक घागरा) घातलेली मुलं म्हणजे बहुतेक २५ मार्चचा राष्ट्रीय दिन किंवा शाळेचं संमेलन. फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जमध्ये कालिम्नोस आणि आसपासच्या बेटांवरून आलेले स्पंजचे पाणबुडे वसले. तिथं ६ जानेवारीला पाण्यात फेकलेला क्रूस काढायला पोरं उड्या मारतात. त्यामुळं ओल्या कपड्यांतला हसरा मुलगा आणि शेजारी दाढीवाला पाद्री असं चित्र तिथलं ओळखू येतं.

मेजवान्या आणि सहलींचे लांबच लांब फोटो हा स्वतंत्र विषय. हात-दीड हात लांबीचा, सुरळी करून ठेवलेला फोटो निघाला तर तो बहुधा 'सर्कट' कॅमेऱ्याचा. हा कॅमेरा तिकाटण्यावर गोल फिरत जाई आणि फिल्म उलट दिशेनं सरके. माणसांना अर्धवर्तुळात उभं करत, म्हणजे फोटोत रांग सरळ येई. मागचा सरळ रस्ता मात्र वाकलेला दिसतो. एका टोकाचा खोडकर पोरगा मागून धावत दुसऱ्या टोकाला जाई आणि दोनदा उमटे. जुळे भाऊ म्हणून नोंद करण्याआधी दोन्ही चेहऱ्यांचे कपडे ताडून पाहा.

ही सुरळी जोरानं उलगडली की तडकते. आधी वरचा थर तडकलेला, सुटलेला किंवा बुरशी लागलेला नाही ना ते पाहा; तसं असेल, किंवा फोटोवर हातानं रंग भरलेला असेल, तर जाणकाराकडेच द्या. बाकी ठीक असेल तर झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला ओला टॉवेल अंथरा, त्यावर एक जाळी उपडी घाला आणि जाळीवर सुरळी उभी ठेवा. पाणी फोटोला कुठंही लागता कामा नये. झाकण लावून काही तास थांबा, अधूनमधून बघा. झाकणाखाली थेंब धरले तर पुसा. कागद दमट हवा शोषून मऊ पडतो आणि आपणहून सैल होतो. मग तो टिपकागदांमध्ये सपाट ठेवून वर पाट आणि थोडं वजन ठेवा. टिपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदला आणि आठवडाभर तसंच राहू द्या. घाई केलेला फोटो पुन्हा गुंडाळतो.

उलगडलेला फोटो तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून जोडता येतो. मग त्याची मोठी प्रत छापून चर्चच्या सभागृहात टेबलावर पसरा, चेहऱ्यांवर क्रमांक लिहा आणि रविवारची प्रार्थना सुटल्यावर म्हाताऱ्यांना बसवा. एका दुपारी जितकी नावं लागतात तितकी वर्षभर कागद चाळून लागत नाहीत.

नावं लावताना

ग्रीक घराण्यात पहिल्या मुलाला सहसा वडलांच्या वडलांचं नाव देतात, पहिल्या मुलीला वडलांच्या आईचं. काही बेटांवर आईच्या बाजूचा मान आधी. परिणाम असा की चार भावांच्या घरी चार निकोलाओस, सगळे एका आजोबांवरून. म्हणून नुसतं नाव लिहू नका, 'योर्गोसचा मुलगा निकोलाओस' असं बापाचं नाव जोडा. किथिरासारख्या ठिकाणी आडनावंही इतकी थोडी की घराण्यांना टोपणनावं पडलेली असतात. तीही विचारून लिहा. परदेशात पापादोपुलोसचा पापास होतो. दोन्ही रूपं नोंदवा. आडनावाचा शेवट प्रदेश सुचवतो: 'आकिस' क्रीटचा, 'पुलोस' पेलोपोनीसचा, 'आतोस' केफालोनियाचा, 'इदिस' काळ्या समुद्राकाठच्या पोंतोस आणि आशिया मायनरकडचा. ही दिशा समजा, दाखला नव्हे.

'थिया' म्हणून ज्या बाईची ओळख करून दिली जाते ती आत्या-मावशी असेलच असं नाही. आपल्याकडे शेजारच्या कुणालाही काकू म्हणतात तसंच ते आहे. 'कुंबारोस' मात्र काटेकोर नातं: लग्नात वरवधूंच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करणारा, आणि सहसा पुढं त्यांच्या मुलाचा धर्मपिता होणारा. लग्नाच्या फोटोत जोडप्याच्या लगेच मागं तो उभा असतो. तो कोण हे कळलं की दोन घराण्यांमधला दुवा हाती लागतो, आणि पुष्कळदा जहाजाचं तिकीट कुणी पाठवलं होतं तेही कळतं.

आजीला विचारताना 'हा कोण?' असं विचारलं की ती चाचपडते आणि ओशाळते. त्याऐवजी विचारा: हा फोटो घरात कुठं लावला होता? काढला तेव्हा कोण नव्हतं? हा कोट कुणाचा? गावी पोहोचल्यावर काय उत्तर आलं? परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा, बोलताना फोटोचा क्रमांक मोठ्यानं उच्चारा. तिनं ग्रीकमध्ये सांगितलं तर तसंच राहू द्या, भाषांतर नंतर.

कापून काढलेला चेहरा, शाईनं खोडलेलं डोकं दिसलं तर एकदाच, हळूच विचारा. यादवी युद्धात भाऊ भावाविरुद्ध उभे राहिले. हरलेल्या बाजूचे हजारो लोक १९४९ मध्ये सरहद्द ओलांडून पूर्व युरोपात आणि थेट ताश्कंदला गेले. नातेवाइकाचा फोटो घरात सापडणं सुद्धा काही वर्षं धोक्याचं होतं. आजी गप्प बसली तर विषय सोडून द्या आणि नोंदीत 'चेहरा कापलेला, कारण सांगितलं नाही' असं लिहा.

स्कॅन आणि साठवण

साध्या प्रिंटला ६०० डीपीआय, पासपोर्टच्या आकाराच्या किंवा त्याहून लहान फोटोला १२००, फिल्म निगेटिव्हला २४०० किंवा जास्त. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, म्हणजे कागदाचा पिवळेपणा, शाईचा रंग, कडेची चंदेरी झाक टिकते. मूळ फाइल टिफ, वाटायला जेपेग. प्रत्येक फोटोची पाठ स्कॅन करा, कोरी असली तरी. फिकट शिक्का स्कॅनमध्ये उजेड वाढवल्यावर वर येतो. स्वच्छ करणं, रंग भरणं, चेहरा तीक्ष्ण करणं हे सगळं वेगळ्या प्रतीवर. हल्लीची चेहरे 'सुधारणारी' अॅप्स नसलेले डोळे-दात घालतात. ओळख पटवण्यासाठी ती कामाची नाहीत आणि नातवंडांच्या मनात चुकीचा आजोबा बसतो. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरी.

मूळ फोटो आम्लरहित कागदी पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या बाहीत ठेवा. वास मारणारं मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक नको, लॅमिनेशन तर कधीच नको. घरातली मधली खोली, २० अंशांच्या आसपास तापमान, ३० ते ५० टक्के आर्द्रता. मेलबर्नच्या गॅरेजमध्ये उन्हाळ्यात काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. फिल्म निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा आणि आधी स्कॅन करा. कडेवर 'सेफ्टी' हा शब्द नसलेली, पिवळी पडलेली, चिकट झालेली जुनी फिल्म ज्वालाग्राही नायट्रेटची असू शकते. ती घरात ठेवू नका, ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या जतन विभागाला विचारा.

पडताळणी आणि पुढचा मुक्काम

चेहरा जुळवायला सरकारी कागद उपयोगी पडतात. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर १ जुलै १९२९ पासून फोटो असतो. एलिस बेटाच्या प्रवासी याद्या ऑनलाइन फुकट शोधता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९१६ पासूनच्या परदेशी नागरिकांच्या नोंदण्या आणि युद्धोत्तर स्थलांतरितांच्या फाइली आहेत, काहींत फोटोही. ग्रीसमध्ये पुरुषांची जन्मनोंदवही आणि कुटुंबनोंद नगरपालिकेकडे किंवा सर्वसाधारण राज्य अभिलेखागाराच्या स्थानिक शाखेत मिळते. त्यासाठी गावाचं नाव हवं, जिल्ह्याचं पुरत नाही. गावांची नावंही विसाव्या शतकात पुष्कळ बदलली, तेव्हा जुनं नाव आजीच्याच तोंडून घ्या.

तुलनेसाठी अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयाचा फोटो विभाग पाहा. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीकांसाठी एफी अलेक्साकिस आणि लिओनार्ड यानिशेव्स्की यांनी १९८० च्या दशकापासून देशभर फिरून केलेलं काम मोठं आहे. कॅफेवाल्यांच्या घरचे फोटो आणि आठवणी त्यांनी एकत्र गोळा केल्या, आणि फोटो सांगणाऱ्याच्या आवाजासकट जपायचा असतो हे त्यातून शिकता येतं.

भारतात असा फोटो हाती लागला तर आधी रॅली ब्रदर्सचा विचार करा. खिओस बेटाच्या या व्यापारी घराण्याच्या कचेऱ्या एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात आणि मुंबईत होत्या, आणि कापसाच्या व्यापारात त्यांचं नाव मोठं होतं. कोलकात्यातल्या ग्रीकांचं चर्च काळीघाटजवळ आजही उभं आहे. जुन्या बाजारात पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मुंबई किंवा कोलकात्याच्या स्टुडिओचा, ग्रीक सही असलेला फोटो मिळाला तर पुठ्ठा फेकू नका. पत्ता त्यावरच असतो.

डबा संग्रहालयाला द्यायचा ठरला तर काही गोष्टी लेखी घ्या: मूळ फोटो दिले की फक्त प्रती, छापायचा हक्क कुणाचा, आणि कोणते फोटो किती वर्षं बंद ठेवायचे. मेलबर्नचं हेलेनिक म्युझियम, शिकागोचं नॅशनल हेलेनिक म्युझियम, राज्य ग्रंथालयं, गावकऱ्यांची मंडळं, प्रत्येकाची जागा आणि आवड वेगळी असते; देण्याआधी भेटून विचारा. आणि ज्या गावाकडे हे फोटो एकेकाळी पाठवले गेले, तिथंही स्कॅनचा एक संच पाठवा. गावच्या चुलतघराण्याकडे याच फोटोची दुसरी प्रत, मागं वेगळा मजकूर लिहिलेली, असण्याची शक्यता चांगली असते. तिची पाठ स्कॅन करून मागवा.